लोटूच्या नावाची मूठ

भागीरथीबाई वर्षातून एकदा गावाहून सुरतेला यायच्या. उधन्याला पॅसेंजर थांबली की आधी त्यांची कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवी खाली उतरायची, मग त्या, आणि घरी पोचून पायांवर पाणी पडायच्या आत धाकट्या भावाच्या लहानपणीचे पराक्रम सुरू व्हायचे. धाकटा भाऊ म्हणजे उखा. पर्वत पाटियाजवळच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, आठ लूम चालवणारा, चाळिशी ओलांडलेला, तीन लेकरांचा बाप. पण बहिणीच्या तोंडी तो अजून नऊ वर्षांचाच होता आणि चड्डीची नाडी दातांत धरून गावभर हिंडत होता.

उखाच्या थोरल्या मुलीला, हर्षदाला, फुईच्या, म्हणजे आत्याच्या, या गोष्टी पाठ होत्या. तिच्या दोघा धाकट्या भावांनाही होत्या. तरी फुई पदर खोचून बसली की तिघेही तिच्यापुढे मांडी घालायचे, आणि आप्पा म्हणजे स्वतः उखा, काहीतरी काम काढून उठू उठू करायचे. लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्याने त्यांना कमी ऐकू यायचं, पण स्वतःचं नाव मात्र तिसऱ्या घरातून ऐकू यायचं.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात मात्र फुई नुसती भेटीला आली नव्हती. हर्षदाची सुपारी फुटायची होती. मुलगा चलथाणचा, आप्पांच्या बालमित्राचा, लोटूकाकांचा गोपाल. लोटूकाका साखर कारखान्यात फिटर, आणि गोपालचं कडोदऱ्याच्या चौकात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. हर्षदा घरी साड्यांना फॉल-पिको करायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या मशीनची मोटर बिघडली तेव्हा गोपालने ती दुरुस्त करायला चार रविवार लावले. मोटरमध्ये चार रविवारांचं काम नव्हतं, हे हर्षदाला पहिल्याच रविवारी कळलं होतं. तिने कुणाला सांगितलं नाही एवढंच. उलट पाचव्या रविवारी तिनेच एक तार सैल केली.

दोन्ही घरं राजी होती. राहिली होती फुई. आजी गेल्यापासून घरातली वडीलधारी तीच, आणि तिने हो म्हटल्याशिवाय त्या घरात सुपारी फुटत नसे. आदल्या दिवशी गोपालने दुकानासमोरच्या फोनवरून हर्षदाच्या शेजारच्या दळणवाल्याकडे फोन लावून तिला बोलावून घेतलं आणि गुजरातीत एवढंच विचारलं, "फोई मानशे ने?"

"मानशे, मानशे," हर्षदा म्हणाली. फुई मानेल याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती.

रविवारी सकाळी लोटूकाका आणि गोपाल आले. लोटूकाकांची बायको पायाला प्लास्टर म्हणून येऊ शकली नव्हती, तिने साखरेची पिशवी आणि निरोप पाठवला होता. हर्षदाच्या आईने, शोभाबाईने, सतरंजी अंथरली, चहा झाला, पोहे झाले. सुपारी ताटात येऊन बसली. आणि फुईने पदर खोचला.

"नवऱ्या मुलाला सासरा कसा मिळतोय ते कळू द्या की," ती म्हणाली.

पहिली गोष्ट मामांच्या खाटेची. उखाचे मामा दुपारी अंगणात खाट टाकून झोपायचे आणि घोरायचे असे की कोंबड्या लांबून जायच्या. उखाने खाटेच्या पायाला म्हशीचं दावं बांधलं. पाण्याची वेळ झाली, म्हैस उठली, चालू लागली. मामा खाटेसकट वेशीपर्यंत गेले आणि तिथे जागे झाले. जागे होऊन त्यांनी आधी विचारलं, "कोणतं गाव आलं?"

गोपाल इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सतरंजीवर सांडला. मग दुसरी गोष्ट आली, देवीची लस टोचणाऱ्यांची. ते गावात येणार म्हटल्यावर उखाने गल्लीतल्या सगळ्या पोरांना गोळा केलं आणि बिब्ब्याचं तेल काडीने त्यांच्या दंडावर लावलं. टोचल्याची खूण दिसली की डॉक्टर पुढे जाईल, असा त्याचा हिशेब. संध्याकाळपर्यंत अकरा पोरांचे दंड भोपळ्यासारखे सुजले. डॉक्टर आला तो टोचायचं सोडून दोन दिवस मलम लावत बसला, आणि जाताना सगळ्यांना टोचून मगच गेला.

"अजून डाग आहे," लोटूकाकांनी बाही वर करून दाखवला. त्यांचे डोळे हसून ओले झाले होते.

हर्षदा दाराआडून बघत होती. गोपाल तिच्या वडिलांकडे कौतुकाने बघतोय हे तिला दिसत होतं आणि तिचं मन भरून आलं होतं. आता शेवटची गोष्ट येणार, रोटांची, तिची सर्वांत लाडकी. पण आप्पा अस्वस्थ होते. अंगठ्याने कानाची पाळी चोळत होते. "ताई, ऊन वाढतंय, सुपारी फोडू," ते म्हणाले. "फोडू रे, घाई काय," म्हणून फुईने गोष्ट सुरू केली.

श्रावणात त्यांच्या घरी कानबाई बसायची. नारळाची देवी, तिला नथ, तिला हिरवा खण. तिच्या नैवेद्याचे रोट करायचे, म्हणजे पुरणाच्या पोळ्या, तर त्यांचा गहू असा तसा घ्यायचा नाही. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या, पाळण्यातल्या पोराच्यासुद्धा, नावाने सव्वा सव्वा मूठ मोजायची. तो रोट घरातच खायचा, आणि फक्त भाऊबंदांनी. व्याह्याने नाही, जावयाने नाही, शेजाऱ्याने तर नाहीच.

त्या वर्षी सगळे कानबाई घेऊन नदीवर गेले होते. उरलेल्या रोटांच्या टोपलीपाशी तेरा वर्षांच्या भागीरथीला राखणीला बसवलं होतं. तिला डुलकी लागली. जागी होऊन बघते तो टोपलीतल्या पाच पोळ्या नाहीशा. उखाच्या हनुवटीला तूप. नदीवरून माणसं परतली, रीतीप्रमाणे परत आणलेला नारळ पुन्हा पाटावर ठेवला, आणि माय फोक घेऊन उभी राहिली. तेव्हा उखाने नारळावर हात ठेवला आणि म्हणाला, "मी एकलानी नही खाद्यात. निम्म्या लोटूनी खाद्यात."

लोटू म्हणजे खालच्या गल्लीतला, कूळ वेगळं, आडनाव वेगळं. त्याची आई चैत्रात गेली होती, बाप दिवसभर दुसऱ्याच्या शेतात. पोराच्या पोटात कधी पडायचं, कधी नाही. मायच्या हातातला फोक खाली आला. ती म्हणाली, "रोट खादा, तो आपला व्हयना. येता सालपाईन त्यानी बी मूठ घाला." म्हणजे रोट खाल्ला तो आता भाऊबंद झाला, पुढच्या सालापासून त्याचीही मूठ पडायची.

त्या दिवसापासून लोटू दोन्ही वेळ तिच्याच चुलीपाशी जेवायला लागला. दिवाळीनंतर त्याचा बाप ऊसतोडीला चलथाणकडे निघाला आणि त्याला घेऊन गेला. गावाला तो पुन्हा श्रावणात कधी आलाच नाही. पण मूठ राहिली. दर साली सगळ्यांच्या मुठी झाल्या की शेवटची सव्वा मूठ लोटूच्या नावाने पडायची. माय गेल्यावर भागीरथी मोजायला लागली, तिनेही चुकवली नाही.

"खोड्याळ खरा," फुई म्हणाली, "पण भुकेल्या मित्रासाठी देवीच्या टोपलीत हात घालणारा माझा भाऊ." हे वाक्य दर वर्षी इथेच यायचं. याच गोष्टीवर हर्षदाने सातवीत 'माझे वडील' हा निबंध लिहिला होता, आणि शाळेतल्या शैलजाबाईंनी तो सगळ्या वर्गांत वाचून दाखवला होता.

यानंतर फुई डोळे पुसून चहा मागायची. आज तिने डोळे पुसले, आणि पदर तसाच हातात राहिला. तिने लोटूकाकांकडे बघितलं, गोपालकडे बघितलं, मग ताटातल्या सुपारीकडे.

"थांबा," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं आमच्या घरी तुझी मूठ पडतेय रे लोटू. लोटू आपला भाऊबंद शे. मंग त्याना पोऱ्या हर्षदाना भाऊ व्हयना का नही?"

शोभाबाई म्हणाली, "ताई, असं कसं, कूळ वेगळं आहे त्यांचं." फुई म्हणाली, "कूळ कुणी विचारलं? मूठ कुणी घातली ते सांग. देवीपुढे भाऊ म्हणून मोजला आणि आता व्याही म्हणून बसवू? माझ्या हाताने हे होणार नाही." आणि तिने सुपारीचं ताट उचलून फळीवर ठेवून दिलं.

गोष्ट हर्षदाची लाडकी होती, हेच तिला सहन होईना. लहानपणी झोपताना ती हीच गोष्ट मागायची, आणि आज तीच तिच्या आड आली. गोपालचा चेहरा उतरला होता. तो बापाकडे बघत होता, बाप आप्पांकडे बघत होता, आणि आप्पा सतरंजीच्या काठाकडे. मग आप्पा उठून बाहेर ओट्यावर गेले.

थोड्या वेळाने हर्षदा त्यांच्यामागे गेली. शेजारच्या खात्यातून लूमचा आवाज येत होता. खात्यात एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणून कारागीर हातवाऱ्यांनी बोलतात. आप्पांनी ती बोली मुलांनाही शिकवली होती, घरात आईच्या नकळत गप्पा मारायला. आप्पांनी बोट कडोदऱ्याच्या दिशेला केलं आणि मग तळहात उताणा केला. गोपाल? खरंच?

हर्षदाने मान हलवली. मग तिला रडूच आलं.

आप्पा कान चोळत बसले. मग तोंडाने बोलले, हळू, जे त्यांना सहसा जमत नसे. "मी आत जाऊन एक सांगणार आहे. तुझा तो निबंध आहे ना, तो खोटा पडेल बेटा. चालेल?"

तिला काही कळलं नाही. "चालेल," ती म्हणाली.

आत येऊन आप्पा फुईच्या समोर बसले, लहान पोरं गुरुजींपुढे बसतात तसे, हात मांडीखाली घालून. म्हणाले, "ताई, लोटूनी एक तुकडा बी नही खादा. बठ्ठा रोट मीच खादा."

"काय?" शोभाबाई म्हणाली.

"सगळा मीच. पाचही पोळ्या. लोटू तर तेव्हा नदीवर होता, झांजा बघत. फोक बघितला आणि वाटलं, दोघांची नावं घेतली तर मार निम्मा पडेल. दुसरं काही डोक्यात नव्हतं. भूकबिक कुणाची मला माहीतही नव्हती." त्यांनी दाराकडे, हर्षदाकडे बघितलं. "लोक म्हणायला लागले, उखाचं मन मोठं. मग कसं सांगू? आधी माराची भीती होती, नंतर चांगलं म्हणायचे त्याची सवय झाली."

गोपालने वडिलांना विचारलं, "तुम्ही का नाही बोललात, बापू?"

लोटूकाका म्हणाले, "कसा बोलू? श्रावणापासून दिवाळीपर्यंत मी त्या खोट्यावर दोन वेळ जेवलो. आई गेल्यावर पहिल्यांदा कुणी मला ताटावर वाट बघून वाढलं. मायने विचारलं, खाल्लास ना रे? मी हो म्हणालो. मग मोठेपणी उखाचा मला आधार, माझा त्याला. त्याच्या लेकरांपुढे त्याला खोटं पाडू?" ते थांबले. "रोट कसा लागतो ते मला ठाऊक नाही, भागीताई. माझ्या नावाने बत्तीस वर्षं झाला, पण मी चाखलेला नाही."

सगळे फुईकडे बघायला लागले. आता ही भडकणार, असं हर्षदाला वाटलं. फुईने शांतपणे पदर सोडला, पाय पसरले आणि म्हणाली, "माले माहीत व्हतं."

"ताई!"

"पाच पोळ्या एकट्याने खाल्ल्या की काय होतं? तीन दिवस तुझ्या चड्ड्या विहिरीवर कुणी धुतल्या? मी. लोटू टुणटुणीत. मला तेव्हाच कळलं."

"मंग इतला साल बोलनी काबर नही?" आप्पांना गावाचीच बोली आठवली.

"मी बोलून काय होतंय? खोटं तू बोलना, कानबाईना समोर बोलना. ते मन्हा तोंडघाई कसं फिटी? तुझ्या तोंडाने घातलेली मूठ तुझ्याच तोंडाने निघायला हवी होती. आणि राखण नीट केली नाही म्हणून दोन थपडा मी खाल्ल्या होत्या, त्या कुणाच्या लक्षात नाहीत. बत्तीस वर्षं मी वाट बघतेय." आणि ती अशी हसली की हर्षदाला एकदम दिसलं, खोड्या करणारा त्या घरात एकटा उखाच नव्हता.

फुईने स्वतः फळीवरून ताट उतरवलं. सुपारी फुटली. हर्षदाला आप्पांचा राग आला होता का, हे ती नंतर स्वतःला विचारून बघायची. आला होता, पण शैलजाबाईंना आता काय सांगायचं एवढ्यापुरताच. निबंधातल्या बापापेक्षा हा हात मांडीखाली घालून बसलेला बाप तिला जास्त आवडला, आणि तिने ते त्यांना जाता जाता हातवाऱ्याने सांगितलंही.

एकच माणूस त्या दिवशी पूर्ण खुश नव्हता. निघताना लोटूकाका चपला घालायला रेंगाळले. "म्हणजे या श्रावणात माझी मूठ नाही," ते म्हणाले. फुई म्हणाली, "व्याह्याची मूठ नसते रे." ते हो हो म्हणाले आणि गोपालच्या मागे गाडीवर बसले.

श्रावणात आप्पा सगळ्यांना घेऊन गावी गेले. थोरल्या काकांच्या, म्हणजे फुईच्या पाठच्या सुकदेवच्या, घरी फुई सुपात मुठी मोजायला बसली. सुकदेवची, उखाची, पोरांची, पाळण्यातल्याची. सगळ्यांची झाली आणि तिचा हात सवयीने पुन्हा पोत्यात गेला. सव्वा मूठ गहू भरून वर आला आणि तिथेच थांबला. सुपात टाकता येईना, परत पोत्यात टाकायचा तिला धीर होईना. शेजारी हर्षदा बसली होती. फुईने तिच्या हातातला रुमाल ओढून घेतला, गहू त्यात बांधले आणि कमरेला खोचले.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. पाठवणीच्या वेळी ओटी भरताना फुईने आधी श्रावणातल्या गव्हांची ती पुरचुंडी सोडली. "हे रोटाचे नाहीत," ती हर्षदाच्या कानात म्हणाली, "देवीला दाखवले नाहीत. कुणीही खावेत."

चौथ्या दिवशी आप्पा आणि शोभाबाई लेकीला न्यायला चलथाणला गेले. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता, हवेला मळीचा गोडसर वास होता. हर्षदाने सकाळी ते गहू जात्यावर दळून पीठ केलं होतं. सव्वा मुठीचं पीठ ते किती असणार? पुरण भरून एकच पोळी झाली, पण झाली मोठी, ताटाच्या काठाला टेकणारी. वर तुपाची धार सोडून तिने ती लोटूकाकांपुढे ठेवली. म्हणजे आता बापूंपुढे.

"हे काय, एकच?" ते म्हणाले.

"तेवढेच गहू होते. फुईने दिलेले. तुमच्या नावाचे."

त्यांनी पोळी मधोमध मोडली आणि अर्धी उचलून आप्पांसमोर धरली.

आप्पा मागे सरकले. लेकीच्या घरचं इतक्यात खायचं नाही, ही रीत त्यांनी आल्या आल्या दोनदा सांगितली होती, पाणीसुद्धा शोभाबाईने घरून आणलं होतं. "नही रे, आंडेरना घरनं..."

"आंडेरना घरनं नही," लोटू म्हणाला, "तुना घरना गहू शेतस. ले. निम्मी तुनी."

आप्पांनी हात पुढे केला. हर्षदा चुलीपाशी उभी होती. दोघे चाळिशी ओलांडलेले मित्र मांडीला मांडी लावून बसले, आणि तूप हनुवटीवरून ओघळलं तरी दोघांपैकी एकानेही ते पुसलं नाही.